धूळवाफ चुकली तेव्हा

२०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या भातशेतकऱ्यांची पेरणी अडली, ती पाऊस आला नाही म्हणून नव्हे, फार लवकर आला म्हणून. इथे भाताचं बी रोहिणी नक्षत्रात, मेच्या शेवटच्या आठवड्यात, राब भाजून, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळून, नांगरलेल्या कोरड्या, भुसभुशीत मातीत टाकतात. ही धूळवाफेची पेरणी. मृगाचा पाऊस झाला की बी एकसारखं उगवतं, तीन-चार आठवड्यांत रोप उपटण्याजोगं होतं आणि तोवर खाचरात लावणीपुरतं पाणी तुंबलेलं असतं. त्या वर्षी मेच्या मध्यापासूनच पावसाने ठाण मांडलं. २६ मेला मोसमी वारे मुंबई-पुण्यापर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईच्या नोंदींत ते इतक्या लवकर कधी आले नव्हते. डोंगराकडच्या रानांना वाफसाच, म्हणजे पेरणीजोगी ओलच, मिळेना. ओल्या मातीत बी टाकावं तर कुजण्याची भीती, थांबावं तर रोप उशिरा येऊन पुढची सगळी कामं ढकलली जाणार.

त्याच्या दोन वर्षं आधी नेमकं उलट झालं होतं. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, त्याचा त्यात मोठा वाटा. भात फुटव्यावर असताना उघडीप लांबली की खाचराला भेगा पडतात आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी त्या पिकाची उणीव पुरती भरून निघत नाही.

हवामान बदल म्हटलं की वितळणारा बर्फ आणि चढणारा समुद्र डोळ्यांपुढे येतो. भोर-वेल्ह्यात समुद्रही नाही आणि बर्फही नाही. इथे बदल येतो तो वेळेच्या रूपाने. वर्षभरात एकूण किती मिलिमीटर पडला हा आकडा भातशेतकऱ्याला फारसं काही सांगत नाही; रोहिणीत कोरडं, मृगात ओलं, आषाढात संततधार, श्रावणात ऊन-पाऊस आणि दाणा पक्व होताना उघडीप, असा तो पडला का, हे त्याला विचारायचं असतं. हा क्रम शेकडो वर्षांच्या अनुभवातून बसलेला आहे आणि आज तोच विस्कटतो आहे.

या दोन तालुक्यांची जागा समजून घेतली, तर ही गोष्ट फक्त इथल्या खाचरांपुरती का राहत नाही, ते कळतं. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्यापलीकडे एकदम कोकण. अरबी समुद्रावरून येणारे वारे या कड्याला थडकून वर चढतात, गार होतात आणि पाणी सोडतात. धारेवर काही हजार मिलिमीटर पडणारा पाऊस पूर्वेकडे वीस-तीस किलोमीटरवर येईतो फार घटतो; आणखी पुढे बारामती-इंदापूरकडे तर जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. नीरा नदी भोर तालुक्यातल्या हिरडस मावळात उगम पावते. वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, शिवगंगा यांचं पाणी शेवटी तिलाच जाऊन मिळतं. आंबी आणि मोसे या पुण्याकडे वळतात. वेळवंडीवरचं भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झालं. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही चार धरणं त्यात मिळवली की बेरीज साठ टीएमसीच्या वर जाते. माळशिरस-पंढरपूरपर्यंतचा ऊस आणि पुणे शहराच्या घराघरातला नळ या डोंगरांवरच्या पावसावर चालतो. म्हणून इथल्या पावसाची वेळ चुकली की तिची झळ दीड-दोनशे किलोमीटर लांब जाते.

आता मूळ कारणाकडे. सूर्याचा प्रकाश हवेतून जमिनीवर येतो, जमीन तापते आणि ती उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपात परत आकाशाकडे सोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे हवेचा ९९ टक्के भाग, या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे अगदी थोड्या प्रमाणातले वायू. ते गोधडीसारखे काम करतात: स्वतः उष्णता निर्माण करत नाहीत, असलेली निसटू देत नाहीत. ही गोधडी मुळीच नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. अडचण आहे ती गोधडी जाड होत चालल्याची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते. १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या घरात होते. आता आकडा ४२० च्या वर गेला आहे. मिथेन तर अडीच पटीहून अधिक वाढला.

हा वाढीव कार्बन आला कुठून? इथे मावळातलाच एक धूर उपयोगी पडेल. राब भाजताना शेतकरी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत वाफ्यावर पसरून पेटवतो. धूर होतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण त्या फांदीतला कार्बन झाडाने गेल्या काही वर्षांत याच हवेतून घेतलेला असतो. झाड पुन्हा फुटलं तर ते तो परत ओढून घेतं. हिशेब थोड्या वर्षांत मिटतो. चंद्रपूरच्या खाणीतल्या कोळशाची गोष्ट वेगळी. तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा गाडला गेलेला कार्बन आहे. निसर्गाने तो हवेतून काढून जमिनीखाली कुलूपबंद केला होता. आपण वीजकेंद्रात तो काही क्षणांत जाळून मोकळा करतो आणि तो परत गाडण्याइतका वेग कुठल्याही जंगलात नाही. आज माणसाकडून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण नऊ दशांश भाग कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून येतो. उरलेला जंगलं तोडून जमिनीचा वापर बदलल्यामुळे.

याचा पुरावा हवेतच मिळतो. जिवंत झाडात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अत्यल्प प्रमाणात असतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरतच नाही. हवेतला वाढीव कार्बन ताज्या लाकडातून आला असता, तर कार्बन-१४ चं प्रमाण टिकलं असतं. ते विरळ होत गेल्याचं विसाव्या शतकाच्या मध्यावरच मोजलं गेलं. म्हणजे जुना, खनिज कार्बन हवेत मिसळतो आहे. सूर्यच तापला असेल, हीही शंका अशीच तपासता येते. तसं असतं तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. उष्णता खाली अडकते आहे, याची ही सरळ खूण.

मग भातखाचरांचं काय? ती पूर्ण निर्दोष नाहीत, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करू लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस ते तीस पट प्रखर. माणसामुळे सुटणाऱ्या जगभरच्या मिथेनपैकी आठ-दहा टक्के भातशेतीतून येतो. मात्र मधूनमधून पाणी काढून जमीन थोडी सुकू दिली, तर हा मिथेन जवळपास निम्म्यापर्यंत कमी होतो. आणि प्रमाणाचं भानही ठेवायला हवं. भारतातलं माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ, अमेरिकेची सुमारे चौदा. त्या दोन टनांतही शहरातल्या वातानुकूलित कार्यालयाचा आणि कानंदच्या खोऱ्यातल्या कौलारू घराचा वाटा एक नाही. ज्याने कमी जाळलं त्याच्याच खाचरात बी कुजतं, हा अन्याय आहे.

तापलेली हवा आणि विस्कटलेला पाऊस यांचा दुवा बाष्पात आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. १८५० ते १९०० च्या तुलनेत पृथ्वी २०११-२०२० या दशकात १.१ अंशाने तापलेली होती. अधिक बाष्प धरणारी हवा पाणी भरायला अधिक वेळ घेते आणि रितं करायला कमी. दोन पावसांमधली उघडीप लांबते, आणि पडतो तेव्हा तो धबाधबा पडतो. त्यात हिंदी महासागर वेगाने तापतो आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यांना लागणारं बाष्प अरबी समुद्रावरून झटक्याझटक्याने येतं. हे झटके आधी सह्याद्रीला भिडतात.

जुलै २०२१ मध्ये ते दिसलं. २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पडतो; तेवढ्यातला बहुतेक पाऊस तिथे एका दिवसात पडला. २२ जुलैला वरंध घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट जागोजागी खचला. पुणे जिल्ह्याने हे दुःख आधीही पाहिलं होतं: ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेलं, १५१ जीव गेले.

तेवढाच पाऊस आठवडाभर पडला तर डोंगर सहसा उभा राहतो, एका दिवसात पडला तर कोसळतो, हे कसं? सह्याद्रीच्या उतारावर अखंड काळा बेसॉल्ट आणि त्यावर मातीचा, मुरमाचा पातळ थर असतो. हळूहळू मुरलेलं पाणी मातीतून झिरपून झऱ्याने, ओढ्याने निघून जातं. ओतल्यासारखा पाऊस आला की खडकापाशी पाणी अडतं, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग वरचा थर झाडा-घरांसकट घसरतो. उताराचा पाया रस्त्यासाठी किंवा सपाटीसाठी यंत्राने कापलेला असेल, तर आधारच गेलेला असतो.

इथे हवामान बदलापाशी थांबून चालणार नाही. सगळा दोष आकाशावर टाकणं सोयीचं आहे, पण खरं नाही. याच डोंगरांत फेब्रुवारी ते मे दरम्यान वणवे लागतात, पुष्कळदा लावले जातात. गवत चांगलं येतं असा समज आहे. वणव्याने पालापाचोळ्याचा थर जळतो, नवी रोपं मरतात आणि पहिल्या जोरदार पावसाला उघडी माती सापडते. पानशेत परिसरातली झाडी धरणाच्या काळात कोळशासाठी कशी तुटली, ते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे. गेल्या काही वर्षांत प्लॉटिंगने डोंगराचे उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापले जात आहेत. वातावरणातला कार्बन भोरच्या ग्रामपंचायतीला कमी करता येणार नाही. उतार कापू द्यायचा की नाही, हे मात्र इथे, या जिल्ह्यात ठरतं.

हवामान बदल आणि बोडके होणारे उतार या दोन्हींची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती पिण्याच्या पाण्यात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथल्या वाड्यावस्त्यांना तंतोतंत लागू पडते. बेसॉल्टचा अखंड थर पाणी धरत नाही. धरतो तो भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर, आणि दोन थरांच्या सांध्यावर झरा फुटतो. राजगड-तोरण्याच्या टाक्यांना, रायरेश्वराच्या पठारावरच्या वस्तीला, धनगरवाड्यांना आणि कातकरी वस्त्यांना अशाच झिरप्यांनी तारलं. झरा मेपर्यंत चालायचा तर पाणी जमिनीत हळूहळू मुरायला हवं. त्यासाठी पाऊस चार महिने पसरून पडायला हवा आणि पडणाऱ्या थेंबाखाली झाड, गवत, पाचोळा हवा. आता पाऊस थोड्या दिवसांत गोळा होऊन पडतो आणि खाली जमीन उघडी. पाणी धावत धरणात जातं, तिथून कालव्याने खाली. वाडीवरचा झरा फेब्रुवारी-मार्चमध्येच आटतो आणि खाली पाणी दिसत असताना वर टँकरची वाट पाहिली जाते.

उलट, प्रत्येक दृश्याचा अर्थ हवामान बदल असा लावणंही चूक. भाटघरच्या जलाशयात बुडालेलं कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. ते दिसतं, कारण शेतीसाठी पाणी सोडल्यावर साठा उतरतो. दरसालचीच गोष्ट आहे ती.

भाताकडे परत येऊ. लावणी उशिरा झाली की पीक मागे पडतं आणि पोटरी-निसवण्याच्या वेळी पाऊस संपलेला असतो. इथलं बहुतेक भात फक्त पावसावर. हवा दमट आणि ढगाळ राहिली की करपा वाढतो. हस्तानंतर परतीचा पाऊस लांबला, तर कापणीला आलेलं भात लोळतं, लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. उंच वाढणारा आंबेमोहर लोळण्यात पहिला. त्याचा बुटका, अधिक पिकणारा वारस म्हणजे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी. आज या भागात तोच सर्वाधिक दिसतो. पण दोघांपुढे एक छुपी अडचण आहे: गरम होत चाललेल्या रात्री. दिवसा पानांनी तयार केलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र गरम, तर खर्च जास्त. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ साली असं दिसलं, की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. शिवाय सुवासिक भाताचा वास टिकायला दाणा भरताना गारवा लागतो. इथल्या तांदळाचं मोलच वासात आहे, म्हणून ही गोष्ट मला उत्पादनाच्या आकड्याइतकीच गंभीर वाटते.

खालच्या अंगाला काय होतं, ते २५ जुलै २०२४ ला पुण्याने अनुभवलं. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीहून किंचित कमी. त्या वेगाने अख्खं धरण सोळा तासांत रितं होईल. आपली धरणं चार महिन्यांत पसरून येणाऱ्या पावसाचा हिशेब धरून चालवली जातात. लवकर भरून ठेवावं तर अतिवृष्टीला जागा नाही, रिकामं ठेवावं तर ऑगस्ट २०२३ सारखी उघडीप आली की पुढच्या उन्हाळ्यात हाल. हा पेच यापुढे वारंवार पडणार.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. चारसूत्री लागवडीत रोपं कमी लागतात आणि तूस, गिरीपुष्पाचा पाला वापरून युरियाचा खर्च आटोक्यात राहतो. युरियातूनच नायट्रस ऑक्साइड सुटतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळते: गादीवाफ्यावर थेट टोकण, नांगरट नाही, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. रोपवाटिकाच नसल्याने धूळवाफ आणि लावणी यांची जोडी जुळवण्याची टांगणी कमी होते. पण टोकणीलाही वाफसा लागतोच, आणि खूप पाणी साचणाऱ्या खोलगट खाचरात ही पद्धत तशीच्या तशी उतरवणं अवघड. डोंगरावर देवरायांचा आधार आहे. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांच्या नोंदी केल्या. झरा आणि देवराई एकत्र असणं ही या भागात जागोजागी दिसणारी गोष्ट आहे. आसपासचे उतार बोडके झाले तरी तिथे मूळ जंगलाचं बी शिल्लक आहे. दुसरीकडे, पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघाले, जुलै २०२४ चा मसुदा सहावा. तोवर उतार कापण्याचं काम कुणाची वाट पाहत थांबलेलं नाही.

मला आणखी एक गोष्ट निकडीची वाटते, ती म्हणजे मोजमाप. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आणि पीकविम्यासाठीही त्यांचे आकडे वापरले गेले. सपाट मुलखात हे चालून जाईल. इथे एकाच मंडळात धारेलगतच्या वाडीवर कोसळणारा पाऊस आणि खालच्या खोऱ्यातला पाऊस यांत कितीतरी अंतर असतं. केंद्र खाली असेल तर वरच्या वाडीची अतिवृष्टी कागदावर घडतच नाही. विमाही नाही, दरडीचा इशाराही नाही. ग्रामपंचायत पातळीवर केंद्रं नेण्याची योजना पुढे आली आहे, ती या दोन तालुक्यांत धारेलगतच्या गावांपासून सुरू व्हावी. साधं पर्जन्यमापक तर कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडेल: एक नळकांडं, एक मोजपट्टी आणि रोज सकाळी साडेआठला वहीत लिहिलेला आकडा. हवामान खात्याची वेळही हीच आहे, त्यामुळे नोंदी एकमेकांशी ताडता येतात. रोज सकाळच्या या आकड्यातून वर्षाची बेरीज कळेलच; त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका दिवसात किती कोसळला, उघडीप किती दिवसांची झाली आणि रोहिणीत माती कोरडी होती का, हे वरच्या वाडीला पहिल्यांदाच कागदावर दाखवता येईल.